शेवटची नोंद खरी असावी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला नोंदीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रोजमेळ जुळला नाही तर पेढीवर रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राहतो आणि आठ आण्यांचा फरक सापडल्याशिवाय मुनीमजी उठत नाहीत, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले आहे. रक्कम किती लहान, हा तेथे प्रश्न नसतो. चुकीच्या खात्यावर पडलेली नोंद पुढे साऱ्या ताळेबंदाला बाधते, ही त्यामागची समज असते. घरातील माणूस गेल्यावर त्याच्या नावे जी शेवटची सरकारी नोंद होते, तिच्याबाबत मात्र आपण इतके दक्ष नसतो. दुःखाचे दिवस असतात, आल्यागेल्यांचे पाहायचे असते, आणि मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती हातात आल्या की काम संपले असे वाटते. त्या नोंदीतील ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना कोणी भरला आणि त्यात काय लिहिले, याची चौकशी सहसा होत नाही.

बँकेच्या नोकरीत मृत खातेदारांच्या दाव्यांचे काम मी अनेक वर्षे पाहिले. नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक असे तपशील ताडून पाहण्यासाठी असंख्य दाखले नजरेखालून गेले. त्यांवर मृत्यूचे कारण कधीच नसे. पुढे निवृत्तीनंतर नात्यातील व स्नेह्यांतील कर्करोगाच्या रुग्णांसोबत रुग्णालयांच्या खेपा झाल्या, तेव्हा हे कारण नेमके कोठे लिहिले जाते आणि त्याचा पुढे काय उपयोग होतो, याचा शोध घ्यावासा वाटला. या लेखात मांडले आहे ते त्या वाचनातून व अनुभवातून आलेले आहे.

हा विषय आताच का महत्त्वाचा, हे आधी पाहू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आढळले. दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार होण्याची शक्यता त्याच अंदाजात वर्तवली आहे. दुसरी बाजू आनंदाची आहे. वेळेवर निदान व योग्य उपचार झालेली माणसे आज दहा-दहा, वीस-वीस वर्षे जगतात, दुकानावर बसतात, नातवंडांची लग्ने पाहतात. असा माणूस पुढे केव्हातरी जातो, तेव्हा तो कशाने गेला? जुन्या कर्करोगाने, हृदयविकाराने, उपचारांच्या मागे राहिलेल्या परिणामाने, की आणखी कशाने? उत्तर वाटते तितके सोपे नाही.

दाखला वेगळा, कारणाचे प्रमाणपत्र वेगळे

आपल्या देशात जन्म आणि मृत्यू यांची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार होते. मृत्यू जेथे झाला तेथील निबंधकाकडे २१ दिवसांच्या आत माहिती द्यावी लागते. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील मृत्यूची नोंद नाशिकला होते. उपचारासाठी मुंबईस नेलेला माणूस तेथेच गेला तर नोंद मुंबईस होते, मग त्याचे घर रविवार कारंजावर का असेना.

याच कायद्यात मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र सांगितले आहे. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील, म्हणजे बहुधा घरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ. हे प्रमाणपत्र डॉक्टर भरतात आणि ते निबंधकाकडे जाते. आपल्या हाती येणारा दाखला म्हणजे नोंदवहीतील उतारा असतो, आणि अशा उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करू नये असे कलम १७ स्पष्टपणे सांगते. बँकेत येणाऱ्या दाखल्यावर कारण का नसे, याचे उत्तर येथे आहे. कायद्याने कुटुंबाची खासगी बाब झाकून ठेवली आणि समाजाच्या अभ्यासासाठी ती माहिती आत जपली. ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

२०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली. आता रुग्णालय सरकारी असो वा खासगी, त्याने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क निबंधकास द्यायचे आहे आणि त्याची एक प्रत मृताच्या जवळच्या नातेवाइकास द्यायची आहे. घरी झालेल्या मृत्यूत अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांवरही हीच जबाबदारी आहे. आपल्या माणसाच्या नावे काय लिहिले गेले हे पाहण्याचा हक्क आता कुटुंबाला आहे. हा हक्क असल्याचेच अनेकांना ठाऊक नाही, म्हणून तो येथे मुद्दाम सांगितला.

रकान्यात काय लिहायचे असते

या प्रमाणपत्राची घडण जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यावर झालेली आहे आणि हिशेबाची सवय असलेल्या माणसाला ती लगेच कळते. पहिल्या भागात ओळीखाली ओळ असते. सर्वांत वर तात्कालिक कारण. त्याखाली ते कशामुळे उद्भवले ते, आणि त्याखाली त्याच्याही मागचे कारण. सर्वांत खालच्या ओळीवर जे येते ते मूळ कारण, म्हणजे ज्या आजाराने ही सारी साखळी सुरू केली तो आजार. प्रत्येक ओळीसमोर त्या अवस्थेला किती काळ झाला हेही लिहायचे असते. दुसऱ्या भागात, मृत्यूला हातभार लावणाऱ्या पण या साखळीत न बसणाऱ्या अन्य आजारांची नोंद होते. आकडेवारीत मोजले जाते ते प्रामुख्याने मूळ कारण.

एक उदाहरण घेऊ. स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्ण आहे, रोग यकृतात पसरला आहे आणि अखेर यकृत निकामी होऊन मृत्यू आला. वरच्या ओळीत यकृत निकामी होणे, खाली यकृतातील पसरलेला रोग आणि सर्वांत खाली स्तनाचा कर्करोग, अशी नोंद हवी. घाईत केवळ ‘यकृताचा कर्करोग’ एवढेच लिहिले, तर ही व्यक्ती आकडेवारीत भलत्याच खात्यावर जमा होते.

दुसरे उदाहरण. एका गृहस्थांना पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, दरवर्षीची तपासणी स्वच्छ आली. आता ७४ व्या वर्षी तीव्र हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. येथे पहिल्या भागात हृदयविकार आणि त्यामागचा रक्तवाहिन्यांचा आजार यायला हवा. जुन्या कर्करोगाचा उल्लेख करायचाच असेल तर उपचाराचे वर्ष आणि ‘आता रोगाची चिन्हे नाहीत’ या शब्दांसह करावा. नुसते ‘कर्करोगाचा जुना रुग्ण’ असे लिहिले, तर पंधरा वर्षांपूर्वी जिंकलेली लढाई कागदावर हरल्यासारखी दिसण्याचा धोका राहतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे शब्द मात्र या दोन्हींहून निराळे असतात: ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. याचा अर्थ हृदय व श्वास थांबला. ते तर प्रत्येकच मृत्यूत घडते. मरणाची रीत लिहू नये, कारण लिहावे, अशी सूचना त्या नमुन्यावरच छापलेली असते. दुकानात माल का संपला असे विचारल्यावर ‘कोठार रिकामे झाले म्हणून’ असे उत्तर मिळावे, तसा हा प्रकार आहे.

चूक दोन्ही बाजूंनी होते

कर्करोगाचे मृत्यू कागदावर कमी दिसतात, एवढेच बहुतेकांना वाटते. वस्तुतः चूक दोन्ही दिशांनी होते, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

एकीकडे निदान माणसाला चिकटते. एकदा फाइलवर कर्करोग असा शिक्का पडला की पुढे न्यूमोनिया होवो वा पडून मांडीचे हाड मोडो, मृत्यू त्याच शिक्क्याखाली नोंदला जाण्याकडे कल असतो. दुसरीकडे उपचाराशी असलेला धागा निसटतो. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्गाने मृत्यू आला आणि केवळ ‘सेप्सिस’ लिहिले गेले, तर मूळ रोग कागदावरून नाहीसा होतो. २००२ साली अमेरिकी संशोधकांनी कर्करोगाच्या तपासणी मोहिमांच्या संदर्भात या दोन्ही प्रवृत्तींकडे लक्ष वेधले होते.

या चुकीचे माप काढण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एकाच अवयवाचा कर्करोग झालेल्या ४८ हजारांहून अधिक मृतांची रुग्णालयातील निदाने त्यांच्या मृत्यूच्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहिली गेली. सुमारे ६५ टक्के प्रमाणपत्रांतच कर्करोगाचा नेमका प्रकार बरोबर नोंदलेला आढळला. गुदाशयाच्या कर्करोगाचे अनेक मृत्यू मोठ्या आतड्याच्या नावावर जमा झाले होते. म्हणजे एक खाते फुगलेले, शेजारचे आक्रसलेले, आणि एकूण बेरीज मात्र फारशी न बिघडलेली. बँकेत अशा चुका पकडणे सर्वांत अवघड असते, कारण ताळेबंद वरकरणी जुळलेला असतो.

आणखी एक सूक्ष्म बाब. काही उपचारांचा परिणाम वर्षानुवर्षांनी जाणवतो. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूला दुर्बल करू शकते. छातीला दिलेल्या किरणोपचाराबद्दल स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांचा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयापर्यंत पोहोचलेल्या किरणांची सरासरी मात्रा एक ग्रेने वाढली की हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम पहिल्या पाच वर्षांत सुरू होऊन वीस वर्षांनंतरही टिकतो, असे त्यात दिसले. यावरून उपचार टाळावा असा अर्थ कोणी काढू नये. उपचाराने वाचणारे प्राण फार अधिक आहेत, आणि अशाच अभ्यासांमुळे हृदयाला जपणाऱ्या पद्धती आज वापरात आल्या आहेत. पण या स्त्रियांचे मृत्यू व आजार नीट नोंदले गेले होते, म्हणूनच ही गोष्ट उजेडात आली, एवढे ध्यानात घ्यावे.

नाशिकच्या रुग्णाच्या बाबतीत एक स्थानिक अडचणही असते. उपचार मुंबईस परळला, मधले सलाइन व रक्ततपासण्या येथील रुग्णालयात आणि शेवटचे दिवस घरी, असा प्रवास अनेकांचा होतो. पंचवटी एक्स्प्रेसने वर्षभर फाइल घेऊन जाणारा मुलगा सगळे जाणत असतो. पण पहाटे चार वाजता घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी ती फाइल पाहिलेली नसते. समोर शोकाकुल घर, स्मशानात नेण्याची घाई आणि हातात कोरा नमुना. अशा वेळी ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहिले गेले, तर दोष एकट्या डॉक्टरांना देता येत नाही.

आणि जेथे डॉक्टरांनी काही लिहिले, ते मृत्यूही थोडेच. २०२० साली देशात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांचे कारण कोणी वैद्यकीय निकषावर नोंदवलेच नाही.

नोंदवह्या वाचणारा कापडवाला

या शास्त्राचा उगम एका व्यापाऱ्याकडे जातो, हे आपल्या वाचकांना आवडेल. सतराव्या शतकात लंडनमध्ये जॉन ग्रांट नावाचा कापड व शिवणसाहित्याचा व्यापारी होता. शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. लोक त्या प्लेगची चाहूल घेण्यापुरत्या चाळत आणि टाकून देत. ग्रांटने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या गोळा केल्या, दुकानाच्या हिशेबासारख्या मांडल्या आणि १६६२ साली त्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तेथून मानतात.

त्याचे सर्वांत धारदार निरीक्षण कारणांच्या रकान्याबद्दल होते. मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम वस्तीतील वृद्ध स्त्रियांवर सोपवलेले असे. लाजिरवाण्या समजल्या जाणाऱ्या गुप्तरोगाचे मृत्यू यादीत विलक्षण कमी दिसतात, हे ग्रांटच्या लक्षात आले. पैसे व पाहुणचार मिळाला की या स्त्रिया तो मृत्यू क्षयासारख्या दुसऱ्या एखाद्या नावाखाली टाकतात, असे त्याने लिहून ठेवले. ज्यांना झाकपाक करणे परवडत नसे, त्यांचेच कारण खरे नोंदले जाई. साडेतीनशे वर्षे उलटली. रोगाचे नाव बदलले, पण लाजेपायी नोंद बदलण्याची वृत्ती काही गेली नाही.

आपल्या घरातील मौन

आपल्या समाजात कर्करोग हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. शोकसंदेशात ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘हृदयविकाराच्या धक्क्याने’ असे छापले जाते. यामागे दुष्ट हेतू नसतो. घरात लग्नाची मुलगी असते, सोयरिकीच्या बोलण्यात ‘त्यांच्याकडे तो आजार आहे’ अशी कुजबुज नको असते, बाजारात पत टिकवायची असते. वर्तमानपत्रातील शोकसंदेश हा कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे, त्यात काय छापावे हे कुटुंबाने ठरवावे. पण तीच भीती डॉक्टरांपर्यंत पोहोचते आणि ‘डॉक्टरसाहेब, कॅन्सर लिहू नका’ अशी विनवणी होते, तेव्हा तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते.

परिचयातील एका घरची हकिकत सांगतो. ओळख पटेल असे काही सांगत नाही. त्या घरातील मुलीला चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, घरात आणखी कोणाला होता का? आईवडिलांनी ठामपणे सांगितले, “नाही, आमच्याकडे सगळे हार्टनेच गेले.” काही महिन्यांनी भेटीला आलेल्या थकल्या आत्याबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवीत बोलून गेल्या, “बेटा, तुझ्या आजीला आणि थोरल्या आत्यालाही हेच होतं गं. तेव्हा बोलायची पद्धत नव्हती.” वडीलही ते प्रथमच ऐकत होते.

याचे वैद्यकीय महत्त्व मोठे आहे. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष असल्यास स्तनाचा व बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि आई वा वडिलांत तो असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजी व आत्याचे खरे कारण घरात माहीत असते, तर त्या मुलीची तपासणी कितीतरी आधी सुरू झाली असती. तिच्या धाकट्या बहिणीला आता ती संधी मिळाली आहे.

मौनाची दुसरीही बाजू आहे. बरे झालेल्या माणसाचा मृत्यू उगाच कर्करोगाच्या नावावर गेला, तर घरातील लहानथोर त्या आजाराला असाध्य मानू लागतात. ‘काकीने एवढे उपचार घेतले, शेवटी त्यानेच नेले ना,’ हे वाक्य पुढच्या रुग्णाचा धीर खचविते. काकी प्रत्यक्षात त्या आजारातून सुटून अठरा वर्षे जगलेली असते आणि गेलेली असते मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन. सत्य लपविण्याने जसे नुकसान होते, तसेच नसलेले सत्य चिकटविण्यानेही होते.

बार्शी आणि धाराशिवचा धडा

या विषयातील भारताचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले, याचा आपल्याला अभिमान वाटावा. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदणी. तिच्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला यांची दृष्टी होती. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णालयांतून नवे रुग्ण टिपतात आणि महानगरपालिकेच्या मृत्यूनोंदीशी त्यांची सांगड घालतात. ज्याचा पत्ता केवळ मृत्यूच्या प्रमाणपत्रावरूनच लागला, अशा रुग्णांची गणना वेगळी ठेवली जाते. ती संख्या वाढली की जिवंतपणी होणारी नोंद अपुरी पडते, असे समजायचे. कोणत्याही लेखापरीक्षकाला पटेल अशी ही कसोटी आहे.

१९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. जेथे गावोगाव कागदच नव्हते, तेथे कार्यकर्ते घरोघर गेले. या पायाभरणीनंतर त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया तीत होत्या. एका गटात ३४,१२६ स्त्रियांना एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केली. तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांना नेहमीचीच सेवा होती. आठ वर्षांत पहिल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

आता या आकड्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहा. ३४ आणि ६४. एवढ्याशा संख्यांवर जगातील कोट्यवधी स्त्रियांच्या तपासणीचा प्रश्न तोलला गेला. त्या ६४ पैकी पंधरा-वीस मृत्यू जर ‘अशक्तपणा’ किंवा ‘हृदय बंद पडले’ असे नोंदले गेले असते, तर फरक झाकोळून गेला असता आणि एक उपयुक्त तपासणी निरुपयोगी ठरली असती. एका खेड्यातील एका स्त्रीच्या मृत्यूचे खरे कारण कोणीतरी चिकाटीने विचारले आणि लिहिले, त्याचे हे फळ आहे.

जेथे डॉक्टरांचे प्रमाणपत्रच नसते तेथे काय करावे, याचेही उत्तर आपल्याकडे शोधले गेले. महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीतील प्रशिक्षित कर्मचारी मृताच्या घरी जाऊन लक्षणे, काळ व उपचार यांची पद्धतशीर विचारपूस करतात. मग दोन डॉक्टर ती माहिती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवितात. १ लाख २२ हजारांहून अधिक मृत्यूंच्या अशा पाहणीवरून २०१२ साली अंदाज प्रसिद्ध झाला, की २०१० मध्ये देशात कर्करोगाने सुमारे ५ लाख ५६ हजार मृत्यू झाले आणि त्यांतील ७१ टक्के ३० ते ६९ या वयोगटातील, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या काळातील होते. घरच्या माणसांनी मोकळेपणाने दिलेल्या माहितीवर हा सारा डोलारा उभा आहे.

कारणाशिवायचा हिशेब

कारणाची नोंद इतकी डळमळीत असेल तर कर्करोगाचे रुग्ण किती जगतात हे सांगायचे कसे? संख्याशास्त्रज्ञांनी यावर एक मार्ग काढला आहे. त्यात मृत्यूचे कारण विचारातच घेत नाहीत.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. कर्करोगावर उपचार झालेल्या ६५ वर्षे वयाच्या १,००० व्यक्तींपैकी पाच वर्षांनी ७०० हयात आहेत. त्याच वयाच्या, त्याच प्रदेशातील सर्वसाधारण १,००० व्यक्तींपैकी पाच वर्षांनी ९०० हयात असतात. ७०० ला ९०० ने भागले की सुमारे ७८ टक्के येतात. या रुग्णांचे सापेक्ष जगण्याचे प्रमाण ७८ टक्के. खाते कोणत्या कारणाने बंद झाले हे न विचारता, एरवी अशी किती खाती बंद होतात याच्याशी तुलना केली. युक्ती सुरेख आहे, पण तिला मर्यादा आहे. किती रुग्ण अधिक गेले ते कळते, कशाने गेले ते कळत नाही. हृदय जपायला हवे होते की जंतुसंसर्ग रोखायला हवा होता, हे ठरविण्यासाठी पुन्हा त्या रकान्याकडेच यावे लागते.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, घरात कर्करोगातून बरे झालेले कोणी असेल तर त्यांच्या आजाराचा एका पानाचा गोषवारा तयार ठेवावा. कोणत्या अवयवाचा रोग, निदानाची तारीख, टप्पा, शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार, शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष आणि रुग्णालयाचा फाइल क्रमांक एवढे त्यात असावे. त्याची एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. हे काम मरणाच्या तयारीचे म्हणून टाळू नये. अपघात झाला किंवा परगावी दाखल करावे लागले, तरी हेच पान उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, घरी मृत्यू झाला तर नमुना भरण्यापूर्वी ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे. हे काम शोकातील पत्नी वा मुलावर न टाकता जावई, पुतण्या किंवा शेजारी अशा एखाद्या सावध माणसावर आधीच सोपवावे.

तिसरी गोष्ट, प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि वाचावी. काही चुकीचे वाटले तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. नोंदवहीतील चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. दुरुस्ती आधारावाचून होत नाही, म्हणून रुग्णालयाचे कागद लगेच रद्दीत टाकू नयेत.

चौथी गोष्ट, खोटे कारण लिहून घेण्याचा आग्रह कधीही धरू नये. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा या कायद्याखाली दंडनीय अपराध आहे, आणि त्याची गरजही नसते. दाखल्यावर कारण छापले जात नाही. विम्याची भीती अनेकांना वाटते. विमा अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जीवन विम्याची पॉलिसी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव आक्षेपार्ह ठरविता येत नाही. ही तीन वर्षे पॉलिसी, तिचे पुनरुज्जीवन किंवा जोड-संरक्षण यांपैकी जे शेवटी झाले त्यापासून मोजतात. बँकेमार्फत घेतलेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण आहे; फक्त नव्याने सामील झालेल्यांना पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूस ते लागू नसते. विमा घेताना आजार खरा सांगितलेला असावा. तेथे लपविले तर पुढे खरी नोंदही अडचणीची होते, आणि अडचण नोंदीची नसून मूळ लपवणुकीची असते.

पाचवी गोष्ट घरातली आहे. आपल्याकडे वंशावळी जपण्याची परंपरा आहे. प्रत्येक नावापुढे जन्म व मृत्यूच्या तारखा आपण लिहितोच. त्याच ओळीत आजाराचे नाव आणि तो कोणत्या वयात झाला, एवढे दोन शब्द लिहावेत. ही वही बाहेर दाखविण्यासाठी नाही. ती कपाटात राहील आणि ज्या दिवशी एखादी नात डॉक्टरांसमोर बसून ‘घरात आणखी कोणाला होता का?’ हा प्रश्न ऐकेल, त्या दिवशी बाहेर निघेल.

वडीलधाऱ्यांना विचारायचे असेल तर उशीर करू नये. ज्यांना आजी-पणजीची खरी हकिकत माहीत आहे अशा आत्या, मावश्या, मोठ्या काकू आज ऐंशीच्या घरात आहेत. येत्या सुटीत त्यांच्याकडे जावे, निवांत बसावे, आणि त्या सांगतील ते तारीख घालून लिहून घ्यावे.